घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा

‘मी इचलकरंजीची. वय ५१, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, माझी जाग मात्र गेली नाही. लवकर पडलं तर जास्त झोप मिळेल म्हणून साडेनऊलाच अंथरुणावर जाते. अकराला कसाबसा डोळा लागतो आणि अडीचला टक्क जाग. घड्याळ बघते, अडीचच. पुढं साडेपाचपर्यंत कूस बदलत राहते, मग नेमकी गाढ झोप लागते तोवर साडेसहाचा गजर. (संध्याकाळी पाय शिवशिवतात, आतून ओढल्यासारखे होतात, चाललं की बरं वाटतं. वयामुळं असेल.) मिस्टर म्हणतात, झोप नाही काय म्हणतीस, घोरत होतीस की! आठवड्यातनं तीन-चारदा अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेते, मिस्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर मिळते. परवा तपासलं तर बीपी १४४/९२, साखर बॉर्डरवर. मागच्या आठवड्यात शाळेतनं येताना स्कूटीवर क्षणभर डोळा मिटला, थोडक्यात वाचले. मुलानं दिलेलं हातावरचं घड्याळ रोज सांगतं, गाढ झोप ३८ मिनिटं. ग्रुपवर रोज कायतरी येतं: झोप नाही तर हार्ट अटॅक, झोप नाही तर विस्मरण. चार वर्षांत माझ्या शरीराचं किती वाटोळं झालं असेल? ते भरून निघेल का? खरं काय ते सांगा.’

ताई,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य ‘थोडक्यात वाचले’ म्हणून उडवून लावलंय. पायांकडे आणि स्कूटीकडे येतेच. पण तुम्ही जे विचारलंय, नुकसान किती, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. कारण रात्री अडीचला तुम्ही तोच हिशेब करत पडलेल्या असता, हे मला पत्रातून दिसतंय.

आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप बिघडलेली असली आणि त्याचा दिवसावर परिणाम होत असला की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. तुम्ही त्या व्याख्येत केव्हाच बसलात. आता सर्वात मोठी भीती आधी मोडून काढू. निद्रानाशाने आयुष्य कमी होतं का, हे पाहण्यासाठी २०१९ मध्ये १७ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. त्यातली माणसं होती सुमारे ३ कोटी ७० लाख. निद्रानाशाची तक्रार असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. ही बातमी तुमच्या ग्रुपवर आली नसणार. अशा बातम्या कुणी पुढे पाठवत नाही.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मात्र नाही. नॉर्वेत ५२ हजारांवर लोकांचा सुमारे ११ वर्षं पाठपुरावा केला गेला. ज्यांना जवळजवळ रोज रात्री झोप लागायलाच त्रास होत होता त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ४५ टक्क्यांनी जास्त निघाला. तुमच्यासारखी मधेच जाग येणाऱ्यांत तो ३० टक्क्यांनी जास्त होता. तीस टक्के ऐकलं की छातीत धस्स होतं. पण तीस टक्के कशाचे? समजा तुमच्या वयाच्या हजार बायकांपैकी दहा वर्षांत वीसजणींना झटका येणार असेल (आकडे समजण्यापुरते धरलेत), तर निद्रानाश असलेल्या हजारजणींत तो सव्वीसजणींना येईल. म्हणजे सहा जास्त. दुर्लक्ष करावं इतकं कमी नाही आणि त्यापायी रात्र जागून काढावी इतकं जास्तही नाही. तंबाखू आणि न तपासलेलं बीपी यांचा धोका याहून पुष्कळ मोठा असतो.

हृदयाचा आणि झोपेचा संबंध कसा, तेही सांगते. निरोगी माणसाचं बीपी झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. रक्तवाहिन्यांना तेवढीच काय ती सुट्टी. झोप तुटत राहिली की ही सुट्टी कापली जाते. निद्रानाशाच्या रुग्णांतही जे प्रत्यक्ष यंत्रावर मोजल्यावर सहा तासांपेक्षा कमी झोपलेले आढळतात, त्यांच्यात बीपी आणि मधुमेह जास्त दिसतो. ज्यांना ‘झोपच नाही’ असं वाटतं पण यंत्र सहा-सात तास दाखवतं, त्यांच्यात तेवढा दिसत नाही.

इथे मला एक फरक करायचाय, जो ग्रुपवरच्या संदेशांत कधीच केलेला नसतो. झोप कापली जाणं वेगळं आणि झोप न येणं वेगळं. १९९९ मध्ये गाजलेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. आठवड्याभरात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद इतकी घसरली की आकडे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे वाटावेत. तसाच सर्दीचा प्रयोग. १६४ जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले, त्यांना हॉटेलात वेगळं ठेवलं आणि वापरलेल्या कागदी रुमालांचं वजन करून कोणाला किती शेंबूड आला ते मोजलं. (विज्ञानात अशीही कामं कुणाला तरी करावी लागतात.) सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. हे निष्कर्ष खरे आहेत, पण ते प्रामुख्याने कमी झोपेचे आहेत. पहिल्या प्रयोगातली पोरं तर अशी होती की संधी मिळती तर तिथल्या तिथे घोरू लागली असती. निद्रानाशाचा माणूस त्याच्या उलट. त्याला संधी आहे, गादी आहे, अंधार आहे, पण अंगातलं इंजिन बंद होत नाही. दुपारी आडवं व्हायला मिळालं तरी डुलकी लागत नाही. तो थकलेला असतो, पेंगुळलेला नसतो.

मग तुमचा स्कूटीवर डोळा कसा मिटला?

हा प्रश्न मनात ठेवा. त्याआधी विस्मरणाचं उरकते. ब्रिटनमधल्या जवळपास आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त आढळलं. मेंदूत साचणारा कचरा झोपेत धुतला जातो, असं उंदरांवरच्या प्रयोगातून २०१३ मध्ये पुढे आलं आणि तेव्हापासून हा धागा गाजतोय. पण स्मृतिभ्रंशाचे बदल मेंदूत वीस वर्षं आधी सुरू होतात आणि तेच झोप बिघडवत असण्याचीही शक्यता आहे. कोंबडी आधी की अंडं, ते सुटलेलं नाही. वर्गात मुलाचं नाव पटकन न आठवणं हे थकव्याचं लक्षण आहे, स्मृतिभ्रंशाचं नाही.

मला खरी काळजी वाटते ती मनाची. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. बऱ्याच अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय आणि माझ्या दवाखान्यात रोज दिसतं. तुम्ही पत्रात शरीराबद्दल इतकं लिहिलंय, मनाबद्दल एक ओळ नाही. म्हणून विचारते. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, रिकामं होतं का? ज्या गोष्टी आवडायच्या, वर्गातली गडबड, सणाचा स्वयंपाक, बहिणीशी फोनवर तासभर बोलणं, त्यातला रस गेलाय का? एकालाही ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना झोपेच्या आधी सांगा. आणि कधी अगदीच जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. अडीच वाजताही.

आता स्कूटी. निद्रानाशाचा माणूस सहसा पेंगत नाही, हे वर सांगितलं. तुम्ही पेंगता. मिस्टर म्हणतात घोरता. बीपी वाढलंय. रजोनिवृत्तीचं वय आहे. हे चार ठिपके जोडले की मला दिसतो तो झोपेतला श्वासरोध. घसा सैल पडून श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणसाला वाटतं आपली झोप उगाचच मोडली. पाळी गेल्यावर बायकांत याचं प्रमाण वाढतं, पण घोरणं म्हणजे पुरुषांचा आजार हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बायकांना कुणी विचारतच नाही, आणि त्या स्वतः सांगायला लाजतात. मिस्टरांना एक काम द्या. तुम्ही घोरत असताना मधेच एकदम शांत होता का आणि मग धाप लागल्यासारखा जोरात श्वास घेता का, एवढं एक-दोन रात्री ऐकायला सांगा. मोबाइलवर आवाज टिपून ठेवला तर डॉक्टरांचं निम्मं काम होईल. तुम्ही म्हणता झोपलेच नाही, ते म्हणतात घोरत होतीस. भांडू नका, दोघंही खरं बोलताय. वारंवार मोडणारी झोप झोपणाऱ्याला जागेपणासारखीच आठवते.

छातीरोगतज्ज्ञाकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्या. रात्रभर श्वास, प्राणवायू, नाडी मोजतात, दुखत काही नाही. कोल्हापूर किंवा सांगली-मिरजेला विचारलंत तर सोय सापडेल. बऱ्याचदा यंत्र घरी देऊनही करतात. श्वासरोध निघाला तर त्यावर उपाय आहेत, आणि त्याने बीपी उतरायलाही थोडा हातभार लागतो. मात्र तोवर स्कूटी बंद. यात घासाघीस नको. इंटर्न असताना ३६ तासांच्या ड्यूटीनंतर लाल सिग्नलला उभ्या गाडीवर माझा डोळा लागला होता. मागच्या रिक्षावाल्याच्या हॉर्नने जागी झाले तेव्हा सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता. गाडी उभी होती म्हणून आज हे सदर लिहितेय. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत २५ मीटर जाते. तुमच्या ‘क्षणभरा’त शाळेचं अख्खं पटांगण संपतं. निद्रानाशाचे दीर्घकालीन परिणाम म्हणून आपण हृदयाबद्दल, मेंदूबद्दल बोलतो, आणि माणसं मरतात रस्त्यावर.

आता कंस उघडू. संध्याकाळी, बसल्यावर किंवा पडल्यावर पायांत शिवशिव, आतून ओढ, हलवलं की बरं आणि थांबलं की पुन्हा सुरू. ताई, हे वयामुळे नाही. अस्वस्थ पायांचा हा विकार टॉमस विलिस या इंग्लंडच्या वैद्याने १६७२ मध्येच लिहून ठेवला होता. स्वीडनच्या एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचं नीट वर्णन करून त्याला नाव दिलं. याची एक मोठी गुरुकिल्ली आहे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन नाही, साठा. तो मोजायची तपासणी म्हणजे फेरिटिन. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचंही फेरिटिन १४ असू शकतं, आणि रिपोर्टवर त्यासमोर ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, कारण लॅबची खालची मर्यादा तेवढीच असते. पण अस्वस्थ पायांच्या रुग्णात फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत फिरू नका, आकडा विचारा आणि पायांबद्दल सांगा. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका, लोह जास्त झालेलंही चांगलं नसतं.

आणि चहा! शिक्षक-कक्षातला चहा किती कप असतो ते मला माहीत आहे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. शिवाय चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात फिरत असतो. दुपारी दोननंतर चहा नको, जेवणाच्या मागे-पुढे तासभर नको. सकाळचे दोन कप खुशाल घ्या, मी कोण अडवणारी.

त्याच रक्तात थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर पाहून घ्या. बीपी एका आकड्यावरून ठरत नाही, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून लिहून ठेवा. रात्री अंगातून वाफा येऊन घामाने जाग येते का, तेही स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. पत्रात ते नाही, पण ५१ व्या वर्षी विचारायलाच हवं.

गोळीबद्दल रागावणार नाही, कारण अर्धी गोळी ही आपल्याकडे घराघरातली गोष्ट झालीय. पण अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमधलं औषध आहे. दुकानदाराने ते ताज्या चिठ्ठीशिवाय देऊच नये आणि प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं जपावी, असा नियम आहे. तो उगाच केलेला नाही. ही गोळी घसा आणखी सैल करते, म्हणजे श्वासरोध असेल तर तुम्ही आगीत रॉकेल ओतताय. तिची सवय लागते. न घेतलेल्या रात्री झोप आणखी वाईट लागते, आणि आपल्याला वाटतं, बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही. खरं तर ती गोळीनेच मागे ठेवलेली उधारी असते. तरीही एकदम बंद करू नका. नियमित घेणाऱ्याने झटक्यात सोडली तर घबराट, थरथर, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांना खरा आकडा सांगा, ते पायरीपायरीने उतरवतील. आणि मिस्टरांची चिठ्ठी मिस्टरांना परत करा.

एवढं तपासून झाल्यावर जी उरेल ती सवयीची जाग. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक फार उपयोगी गोष्ट सांगून ठेवलीय: झोप मोडते एका कारणाने आणि मोडलेली राहते दुसऱ्याच कारणाने. तुमची मोडली सासूबाईंच्या सेवेत. कान रात्रभर त्यांच्या खोकल्याकडे, हाकेकडे. त्या गेल्या, कान तिथेच राहिला. पण चार वर्षं ती जाग पोसली कुणी? साडेनऊच्या अंथरुणाने. रोज नऊ तास गादीवर आणि झोप फार तर पाच तास. म्हणजे निदान चार तास तुम्ही गादीवर फक्त जागण्याचा सराव केलात. पाच जणांचा भात मोठ्या पातेल्यात घातला तर तो तळाशी पसरतो आणि करपतो. तुमची पाच तासांची झोप नऊ तासांच्या पातेल्यात पसरलीय.

म्हणून पातेलं बदलायचं. ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल, पण रात्री बाराच्या आत अंथरुणाला पाठ टेकवायची नाही आणि साडेपाचला उठायचं. रविवारीही, आदल्या रात्री डोळा लागलेला असो वा नसो. दुपारी झोप नाही. पहिला आठवडा भयंकर जातो. संध्याकाळी साडेसातला बसल्या जागी पेंग येते, पोळ्या लाटताना डोळे चुरचुरतात, मिस्टर म्हणतात बाई उलटी फिरलीय. याच पेंगेची आपल्याला गरज आहे, ती रात्रीसाठी साठवायची. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडीचची जाग आखडू लागते. साडेपाच तासांतले पावणेपाच तास सलग झोप आठवडाभर मिळाली की अंथरुणाची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे, पावणेबारा. पुन्हा आठवडा. असं सरकत सरकत जायचं. साडेपाच तासांपेक्षा खाली मात्र यायचं नाही. आणि फिट येण्याचा किंवा मन टोकाला जाण्याचा, म्हणजे बायपोलरचा, इतिहास असेल तर हा उपाय स्वतःहून करायचाच नाही. तुम्ही आधीच पेंगता, म्हणून श्वासाची तपासणी पहिली आणि हे दुसरं.

अडीचला जाग आलीच तर? घड्याळ बघू नका. भिंतीवरचं उतरवा नाहीतर टेबलावरच्याचं तोंड भिंतीकडे करा, गजर काय आवाजाने कळतोच. बराच वेळ झाला, आता काही झोप येत नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जा. मंद दिवा लावा आणि कंटाळवाणं काहीतरी करा. मेथी निवडा. शेंगा फोडा. माझ्या एक पेशंट रोज रात्री डबाभर तूरडाळ निवडायच्या, त्यांच्या सुनेला खडा म्हणून मिळाला नाही सहा महिने. वह्या तपासू नका, मोबाइल तर नकोच. डोळे जड झाले की परत गादीवर. रिचर्ड बूटझिन यांनी हा नियम १९७२ मध्ये मांडला आणि तो अजून टिकून आहे: गादीवर गेल्यावर शरीराला एकच गोष्ट आठवली पाहिजे.

या सगळ्याला मिळून निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धती म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं की जुनाट निद्रानाशात प्रौढांना गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा. सहा-आठ आठवडे लागतात. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक सोबतीला मिळाला तर उत्तम.

जायफळ-दूध, तळपायाला तेल लावून काशाची वाटी फिरवणं, हे चालू असेल तर चालू द्या. वाटीने तर अस्वस्थ पायांनाही चोळल्याचा आराम मिळतो. जायफळ चिमूटभरच हं, जास्त घातलं तर मळमळ, घाबरं होणं, भ्रम असा सगळा तमाशा होतो. पण एक पाहिलंय. वाटी फिरवताना मनात ‘आता तरी येईल ना?’ असं असेल तर ती वाटीही परीक्षाच होते. आपल्याकडे म्हणतात, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी झोप आली तर धोंड्यावरही येते. तिला बोलवायला गेलं की ती रुसते.

आणि ते ३८ मिनिटांचं घड्याळ. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, गाढ झोप नेमकी मोजणं त्याला जमत नाही. त्याचे आकडे पाहून झोप आणखी बिघडवून घेणाऱ्यांसाठी आता डॉक्टरांनी ऑर्थोसोम्निया असं नावही काढलंय. मुलाला परत देऊ नका, वाईट वाटेल त्याला. दिवसा पावलं मोजायला घाला, रात्री कपाटात.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, भरून निघेल का. १९६३-६४ च्या हिवाळ्यात अमेरिकेतला रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी २६४ तास, म्हणजे ११ दिवस जागा राहिला. (कुणी करून बघू नका.) नंतर पहिल्या रात्री तो झोपला साधारण १४ तास. ऐंशी-नव्वद तासांची उधारी होती, शरीराने तेवढे मागितले नाहीत. झोपेच्या वहीत तासाला तास वसूल होत नाही, शरीर आधी गाढ झोप भरून काढतं आणि बाकीचं सोडून देतं. तुमची चार वर्षं परत मिळणार नाहीत, पण ती फेडायचीही नाहीत. बीपी थोडंच वाढलंय आणि साखर अजून बॉर्डरवर आहे, म्हणजे दोन्ही हातात आहेत. त्यातलं सगळं झोपेने बिघडलंय असंही नाही. वय, वजन, पाळी यांचाही वाटा आहे. त्यामुळे झोप सुधारली तरी ते आकडे तपासत राहायचे.

एक शंभरपानी वही घ्या. रोज सकाळी, रात्री नाही, दोन ओळी लिहा: किती वाजता पडले, अंदाजे किती झोपले, पाय कसे होते, गोळी घेतली का. सहा आठवड्यांनी मला लिहा, फेरिटिनचा आकडा कळवायला विसरू नका. आणि उद्या शाळेला जाताना सहकारी बाईंच्या मागे बसा, पेट्रोलचे पैसे वाटून घ्या.